मी दादाचं तोंड होतो

आमच्या गावच्या एका माजी सरपंचाचं नाव म्हणजे नाक खाजवणं. पोस्टमनचं नाव म्हणजे घसरणारी पँट वर ओढणं. मास्तरांचं नाव मी इथं सांगू शकत नाही, कारण ते करताना उभं राहून पाठ फिरवावी लागते.

ही नावं माझ्या मोठ्या भावानं ठेवली. दादा जन्मापासून बहिरा. पवनारच्या पुढं, धाम नदीच्या काठी आमचं गाव. तिथं बहिऱ्या मुलांची शाळा कुठून असणार? मग आम्ही दोघांनी हातांची भाषा केली. तो पाच वर्षांनी मोठा, त्यामुळं मी जन्मलो तेव्हा निम्मी तयारच होती. आई सांगायची, मी तोंडानं 'आई' म्हणायच्या आधी हातानं पाणी मागितलं.

भाषा करायला आमच्याजवळ आजूबाजूचंच सामान. कापूस म्हणजे बोंडातून पाच बोटांनी ओढून घेणं. मऊ, ढग, म्हाताऱ्यांचे केस हे सगळं त्याच खुणेतून निघालेलं. मे महिना म्हणजे कानामागचा घाम निपटून फेकणं. नागपूर म्हणजे संत्रं सोलणं. समुद्राला खूणच नव्हती, दोघांनीही तो पाहिलेला नव्हता. अर्धं काम चेहऱ्याचं: भुवया वर गेल्या की प्रश्न, गाल फुगले की पुष्कळ. लग्नाकार्यात आजही माईक माझ्याच हातात देतात आणि म्हणतात, हा बोलते का नाटक करून राह्यला? मी काय करू? माझा चेहरा आधी बोलायला शिकला, जीभ नंतर.

गावाला दादाची भाषा येत नव्हती. म्हणून मी त्याचं तोंड. "काय म्हणते बे तुहा भाऊ?" असं कोणी विचारलं की मी सांगायचो, आणि बरेचदा मला आवडेल ते सांगायचो. दादानं दुकानदाराकडे साबण मागितला की मी म्हणायचो, "दादा म्हणते, तुमचा तेलाचा खर्च तं आता वाचतच असन." दुकानदार टकलावरून हात फिरवायचा, बाकावरचे लोक हसायचे. मला वाटे, दादाला मी गावात केवढं मोठं करून ठेवलं आहे.

दादा चोविसाचा असताना एक स्थळ आलं, पुलगावजवळच्या गावातलं. आई, दादा आणि मी बसनं गेलो. आईला बायकांनी आत नेलं. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं आणि मुलीचे वडील. मुलगी चहा घेऊन आली. तिनं ट्रे दादापुढं धरला, एका हाताची बोटं कपावर चोळली आणि मान वाकडी केली: साखर आणखी? तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. दादानं अंगठा आणि बोट जरासं उघडून दाखवलं: एवढीशी. ती हसली.

एवढंच झालं. पण माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा कोणीतरी मला वगळून दादाशी बोललं होतं, आणि त्यालाही माझी गरज पडली नव्हती.

वडील मला म्हणाले, "आमाले पोरगा नाई. पोट्टी एकलीच हाय. तो इथंच येऊन राहीन का? घर हाय, वावर हाय. विचार बरं त्याले."

मी विचारलं. खुणा नीट केल्या, तेवढं इमान राखलं. दादानं त्या घराच्या जमिनीकडे बोट केलं, गालाखाली हात घेऊन झोपल्यासारखं केलं आणि हो म्हणून मान हलवली. एकदा पुरे असताना तीनदा हलवली.

मी म्हणालो, "दादा म्हणते, आईले सोडून मी कुठीच जाणार नाई."

"पोरगा गुणाचा हाय," वडील म्हणाले. "पण मंग जमत नाई बाप्पा."

दादाला मी सांगितलं: ते नाही म्हणतात. त्यानं उरलेला चहा सावकाश संपवला. परतताना बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. वर्ध्यापर्यंत काढले नाहीत.

पुढं आई गेली. लग्न माझंही जमलं नाही. घरात दोघंच राहिलो, आणि दिवसभरात भेटलेल्या माणसांच्या नकला संध्याकाळी मी दादासमोर करायचो. माझं चांगलं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी दादाचे डोळे दाखवायला वर्ध्याला गेलो होतो. बसस्थानकावर मी गाडीची चौकशी करून आलो तर बाक रिकामा. तासभर शोधलं. रसवंतीच्या मागं एक बहिरं जोडपं भराभर हात चालवत भांडत होतं, आणि छप्पन्न वर्षांचा माझा भाऊ त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकून उभा होता. मी त्याचा दंड धरला. त्यानं हात झटकला.

त्या जोडप्यानं त्याला बहिऱ्यांच्या खुणांची भाषा शिकवणाऱ्या एका वर्गाचा पत्ता दिला. मग दर रविवारी दादा वर्ध्याला. मोबाईल आला, त्यावर चेहरे आले. दादाचे हात वेगळेच चालू लागले. माझ्याशी मात्र तो जुन्याच खुणा करी, सावकाश, लहान मुलाशी करावं तशा. दुपारी झोपेत त्याची बोटं चादरीवर हलायची. पूर्वी त्यावरून मला कळायचं की स्वप्नात बैल आहे की आई. आता काहीच कळेना. माणसाच्या स्वप्नाचीही भाषा बदलते, हे मला माझ्याच घरात, खाटेशेजारी बसून समजलं.

एका रविवारी तो परतला आणि खुर्ची ओढून थेट माझ्यासमोर बसला. वर्गात त्यानं आपली हकिकत सांगितली होती. लग्नाचं निघालं तेव्हा तो म्हणाला, ते लोक नाही म्हणाले. त्यावर त्या जोडप्यातल्या बाईनं विचारलं, तुला कोणी सांगितलं?

आमच्या भाषेत हा प्रश्नच नव्हता. सांगणारा मी सोडून दुसरा होता कोण? खूण नव्हती, म्हणून तो विचारही बत्तीस वर्षं दादाच्या डोक्यात आलेला नसावा. आता तो प्रश्न त्यानं नव्या खुणेनं विचारला, मला समजेना म्हणून जुन्या खुणा जोडून पुन्हा विचारला.

खोटं बोलायला मी कच्चा नाही. पण माझ्या चेहऱ्यावर अर्धं उत्तर आलेलं होतंच, आणि चेहरा वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मी सांगितलं: ते ये म्हणाले. तू हो म्हणालास. मी नाही म्हणालो.

दादानं डोळे मिटले.

ऐकणाऱ्या माणसाशी भांडण झालं तर ओरडता येतं, बंद दाराबाहेरून विनवता येतं. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की तुमची जीभही गेली आणि हातही गेले. पुढचे अकरा दिवस तो जेवला, झोपला, वावरात गेला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मधे मी एका लग्नात माईक धरून आलो. नवरदेवाच्या मामानं वरातीत जो नाच केला होता, तो दादाला दाखवावा असाच होता. घरी येऊन मी स्वयंपाकघरात एकटाच तो नाच करून पाहिला. अर्ध्यात थांबलो. बघणारा नसला की आमच्या भाषेत बडबडताही येत नाही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दादानं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर चार चेहरे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला: ये.

मी शेजारी जाऊन बसलो. दादा माझ्याकडे बोट करून सांगू लागला. खूप सांगितलं. मला एकही खूण लागेना. चौघं आधी हसले, मग हसायचे थांबले, मग चौघंही माझ्याकडे पाहत राहिले. ती बाई काहीतरी बोलली, चांगलं लांबलचक, मधेच डोळे पुसून.

मी दादाकडे पाहून भुवया वर केल्या: काय म्हणते?

दादानं जरा विचार केला.

नमस्कार म्हणते, त्यानं सांगितलं.

मी हात जोडले. दादानं मोबाईल थोडा माझ्या बाजूला वळवला.