टॉवेलच्या गठ्ठ्यांचा रीडर

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात माल बाहेर जायच्या दारावर एक आरएफआयडी रीडर बसवला होता. गठ्ठ्याला चिप लावलेली. गठ्ठा दारातून गेला की रीडर ती वाचणार. पण मोजणी व्हायची ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, आणि नेट गेलं की ती थांबायची. म्हणून मी मोजणीचा प्रोग्रॅम थेट रीडरमध्येच टाकायचं ठरवलं. शुक्रवार पेठेतल्या घरी बसून लिहिला, कारखान्यात जाऊन चढवला. दारावरच्या स्क्रीनवर आकडा पळायला लागला आणि मी खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डिस्पॅच सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला. ते मूळचे अक्कलकोटकडचे. म्हणाले, दारावरच्या तुमच्या रीडरच्या डब्याचा दिवा हिरवा आहे, पण आकडा हलत नाही.

मी धावतपळत गेले. वायर बदलून पाहिली, अँटेना सैल झालाय का ते पाहिलं, शिडीवर दोनदा चढले. तासभर गेला. बाहेर ट्रक उभा, काका वहीत रेघा मारून गठ्ठे मोजत होते. त्यांनी एकदाही घाई केली नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटत होती.

शेवटी त्यांनीच विचारलं, "पहाटे लाईट गेलती. मी आदी यंत्रमागावर होतो. लाईट आली म्हणून माग आपसूक चालू होत न्हाय, जाऊन दांडा वढावा लागतो. तुमच्या डब्याचं तसं काय हाय का?"

मी शिडीवरच थांबले. तसंच होतं. वीज आल्यावर रीडर जागा झाला होता, पण माझा प्रोग्रॅमही सुरू कर, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. दोन ओळींचं काम, साफ विसरले होते.

खाली उतरून त्या ओळी घातल्या आणि झालं म्हणून सांगितलं. काका उठले, भिंतीवरचं बटण बंद केलं, परत चालू केलं. रीडर उठायला दोन मिनिटं घेतो. ती दोन मिनिटं मी दहावीच्या निकालासारखी काढली. मग त्यांनी एक गठ्ठा खांद्यावर घेऊन दार ओलांडलं. स्क्रीनवर एक आला.

"परत बगू," म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा गठ्ठा नेला, पुन्हा आकडा हलला. तिसऱ्यांदा बटण मीच दाबलं, पण तोवर काकांचा त्यातला रस संपला होता. ते ट्रकवाल्याला गाडी मागं घ्यायला सांगत होते.