घोट्यावर आलेले डबे

सदर इसम, वय वर्षे एकसष्ट, व्यवसाय शिवणकाम. विशेष प्रावीण्य जुने कपडे उसवून बेताचे करून देणे. दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. रेल्वे खात्याशी संबंध निरंक. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत.

मास्तरांकडे खेळण्यातल्या मालगाडीचे अकरा उघडे डबे होते. ‘खेळण्यातल्या’ हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. दुकानात मिळणारे असे डबे चाकांवर जरा उंचच बसवलेले असतात, म्हणजे छोट्या वळणावर चाकं डब्याच्या पोटाला घासत नाहीत. इतरांना ते दिसतही नाही. मास्तरांना दुसरं काही दिसत नसे. चाळीस वर्षं लोकांचे घोटे पाहण्यात गेलेली. डबा पाहिला की त्यांना वाटे, हा गृहस्थ विजार वर धरून पाण्यातून चाललाय.

महिनाभर खपून त्यांनी डबे खाली आणले. चाकांचा सांगाडा डब्याला जिथे जोडतात, तिथला उंचवटा कानशीने घासायचा, अर्धा मिलिमीटर, जास्त नाही. पहिल्याच डब्यावर हात जड पडला आणि वळणावर त्याने अंग टाकलं. त्याला कागदाची चकती घालून पुन्हा उचललं. डबा उतरला की त्याची कडीही उतरते आणि शेजारच्याशी तिचं जमेनासं होतं, म्हणून कड्या तेवढ्याच वर घेतल्या. बायकोने विचारलं, सहा महिने पडलेल्या माझ्या ब्लाउजच्या बाह्यांचं काय? मास्तर म्हणाले, त्या कुठे रुळावरून घसरतायत.

एवढा खटाटोप एका माणसासाठी होता. मास्तरांचे व्याही मालडब्यांचे तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. उभ्या जन्मात त्यांनी कशाला चांगलं म्हटलेलं नव्हतं. लग्नात मास्तरांनी शिवलेला कोट घालून ते पाच मिनिटं आरशापुढे उभे राहिले आणि म्हणाले होते, ‘बटणं ठीक आहेत.’ ते वाक्य मास्तरांना चार वर्षं टोचत होतं.

रविवारी सकाळी व्याही आले. गुडघे धरत जमिनीवर बसले, खिशातली पट्टी काढून अकराही डबे मोजले, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले.

“कड्या बरोबर आहेत,” ते म्हणाले. मास्तरांनी श्वास रोखला. “पण व्याही, हे डबे रिकामे आहेत ना?”

“हो.”

“मग एवढे खाली कसे बसले? ही भरलेल्या डब्याची उंची. रिकाम्याच्या स्प्रिंगा दबत नाहीत. मी असतो तर अकराच्या अकरा कारखान्यात धाडले असते.”

मास्तरांचा चेहरा पडला. महिनाभराचं काम उसवायचं, डब्यामागे दोन अशा बावीस चकत्या घालायच्या, आणि पुन्हा ते घोटे बघत बसायचं.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. ती आत गेली आणि बरणी घेऊन आली. कुंड्यांसाठी वाळवून ठेवलेला चहाचा चोथा होता, काळाभोर.

“मग भरा की ते,” ती म्हणाली. “दोघं मिळून इतकं मोजताय, एकालाही सुचलं नाही?”

व्याह्यांनी चमचा मागून घेतला. सातव्या डब्यात माल एकीकडे कललाय म्हणून विहीणबाईंना तो बोटाने सारखा करायला लावला. मग तिसऱ्यांदा मोजणी झाली. मास्तरांच्या मापाच्या वहीतलं कोरं पान घेऊन त्यांनी लिहून दिलं: ‘अकरा भरलेले डबे तपासले. उंची नियमानुसार. चालवण्यास योग्य.’ खाली तारीख आणि सही. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि वही मिटली.

मग व्याही गाडीपुढे पालथे झोपले, गाल फरशीला टेकवला आणि तोंडाने शिट्टी वाजवली.