पाचपैकी एक

बू सुगियेम यांनी स्वतःच्या माणसाबद्दल चांगला शब्द काढल्याचं आमच्या कारांगसारी गावात कुणाला आठवत नाही. थोरला मुलगा शिक्षक झाला तेव्हा घरी आलेल्यांना त्या म्हणाल्या, "शाळेत असतो कुठेतरी. खडू उचलायला ठेवलं असेल." नवऱ्याच्या पिंजऱ्यातल्या होल्याने घुमण्याच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला, तेव्हा म्हणाल्या की बाकीचे पक्षी त्या दिवशी आजारी होते. त्यांच्या हातचं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तीन गावांत जातं. तरीही केळीच्या पानातली पुडी गिऱ्हाइकाच्या हातात देताना रोजचं वाक्य ठरलेलं: "आज सोयाबीन नीट आंबलं नाही हो. नाहीच आवडलं तर कोंबड्यांना घाला."

यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्या घरच्या भांड्याची स्तुती करणारी बाई एक तर जकार्ताहून आलेली असते, नाहीतर काहीतरी विकायला बसलेली असते.

मी गावातल्या संस्थेत काम करते. दर महिन्याला वस्तीवस्तीत जाऊन आम्ही म्हाताऱ्यांचं वजन घेतो, रक्तदाब तपासतो. अकरा वर्षांपासून आमच्याकडे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे विद्यार्थी चार-चार महिन्यांसाठी येतात. दिवसा संस्थेत काम करतात, राहतात गावातल्या घरांत. त्यांना घरं शोधून देणं, आलेला काय म्हणाला ते घरच्यांना आणि घरचे काय म्हणाले ते आलेल्याला समजावणं, आणि शेवटी सगळ्यांचे फॉर्म इंग्रजीत उतरवणं ही माझी नोकरी. बू सुगियेम यांच्याकडे (बू म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईला आम्ही बू म्हणतो) आजवर नऊ जण राहून गेले.

पाहुण्याच्या बाबतीत त्यांचे नियम पक्के. पाहुण्याला झाकणाचा कप, घड्याळाखालची खुर्ची, कोंबडीचा पहिला तुकडा आणि शेवटपर्यंत "तुम्ही". दोन वर्षांपूर्वी कोडी नावाचा मुलगा होता. दहापर्यंत झोपायचा, ओले कपडे होल्याच्या पिंजऱ्यावर वाळत घालायचा, आणि एकदा शेजाऱ्यांची मोटारसायकल घेऊन थेट भाताच्या चिखलात गेला. बू सुगियेम यांनी त्याच्या फॉर्मवर बाराही प्रश्नांना पाचपैकी पाच गुण दिले आणि खाली लिहिलं, "अतिशय शांत मुलगा." खोटं नव्हतं. झोपलेला माणूस शांतच असतो.

त्यानंतर विद्यापीठाचं पत्र आलं. तुमच्या गावातून येणारे सगळे फॉर्म एकसारखे गोड असतात, यापुढे लिहिलं असेल तेच उतरवा, पदरचं काही घालू नका आणि काही गाळू नका. मी त्यावर सही केली.

आणि मग इंग्रिड आली. इतकी उंच, की पहिल्या आठवड्यात चार वेळा कपाळ आपटलं आणि बूंचे यजमान पाक वागिमिन यांनी न बोलता चौकटीला जुनी उशी बांधून टाकली. तीन आठवडे ती झाकणाच्या कपातून चहा पीत होती. मग एका पहाटे ती बूंच्या आधी उठली आणि टेंप्याच्या पुड्या बांधायला बसली. बू बाहेर आल्या, त्यांनी एक पुडी उचलून बघितली.

"अगं, हे टेंपे आहे की बाळंतिणीचं गाठोडं? उठ, दाखवते तुला."

इंग्रिडला आमच्या बोलीतले शब्द अजून थोडेच कळत होते, पण "तुम्ही" गेलं हे कळलं. त्या दिवशी झाकणाचा कप कपाटात परत गेला.

पुढच्याच महिन्यात तिने बूंचा रक्तदाब घेतला. एकशे अठ्ठ्याहत्तर. त्या संध्याकाळपासून घरात साखरेचा डबा दिसेना. कधी तो तांदळाच्या पिंपात सापडायचा, कधी देशी कोंबडीच्या खुराड्यात.

"बू, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर माझ्याकडे चहाला येतात का? मग त्यांना काय करायचंय?"

"मग माझ्यासाठी सोडा."

"तुझ्यासाठी? तू चार महिन्यांची. साखर माझ्याबरोबर अठ्ठावन्न वर्षं आहे."

पाक वागिमिन यांना कुणीतरी विचारलं, घरात सारखा आवाज कसला असतो? ते म्हणाले, "लेक घरी आली की आवाज असायचाच."

इंग्रिडने घरचं बोलणंही उचललं. एकदा ती कचेरीत तळलेल्या कसाव्याची ताटली घेऊन आली. "घ्या, चव काही नाही. आम्ही गरीब माणसं, हेच असतं आमच्याकडे." तिचे वडील अमेरिकेत दातांचे डॉक्टर आहेत.

अर्धा मुक्काम झाला की घरच्यांनी फॉर्म भरायचा असतो. बूंचा फॉर्म आला त्या दुपारी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. माझी मुलगी किनांती ऑगस्टपासून फिनलंडमध्ये आहे, अशाच कार्यक्रमात, एका बाईंकडे राहते. त्या दिवशी तिने कळवलं होतं की हातमोजे बसमध्ये विसरले. मी फोनवर तिथलं तापमान बघत होते. उणे अकरा. एक डोळा उणे अकरावर आणि दुसरा फॉर्मवर ठेवून मी लिहिलं होतं ते जसंच्या तसं उतरवलं आणि पाठवून दिलं.

घरकामात मदत: एक. भांडी घासते पण बुडाची काजळी राहते.

यजमानांच्या वस्तूंबद्दल आदर: एक. घरातल्या वस्तू लपवते.

विद्यार्थिनी काय शिकली: काही नाही, बिचारी.

राहण्याची आणि जेवणाची सोय: छप्पर गळकं, जेवण बेचव.

आणि सर्वांत खाली: आमच्याकडूनच वाढवण्यात काहीतरी कमी पडलं असेल. माफ करावं.

सोमवारी सकाळी विद्यापीठातून प्राध्यापिका लिंडक्विस्ट यांचं पत्र आलं. बाई सज्जन आहेत, म्हणून पत्र अजूनच भीतीदायक होतं. नियमाप्रमाणे सरासरी अडीचच्या खाली गेली की विद्यार्थ्याला घरातून हलवावं लागतं. त्यात वस्तू लपवण्याचा आरोप आहे. त्यात छप्परही गळतं आहे. शुक्रवारच्या विमानाने इंग्रिडला परत बोलवावं लागेल आणि तिचं हे सत्र बुडेल. त्याआधी मंगळवारी सकाळी आठ वाजता यजमानीणबाईंशी व्हिडिओवर बोलायचं आहे. विद्यार्थिनीला आधी काही सांगू नये.

मी स्कूटर काढली.

इंग्रिड वस्तीवर वजनकाटा घेऊन गेली होती. बू ओट्यावर सोयाबीनची सालं काढत होत्या. मी फॉर्मची प्रत त्यांच्यासमोर धरली.

"बू, हे काय लिहिलंत?"

"का, अक्षर लागत नाही?"

"अक्षर लागतं. सगळीकडे एक दिलाय तुम्ही. त्या कोडीला पाच दिले होते."

"तो पाहुणा होता, जेंग." मी वयाने लहान, म्हणून त्या मला जेंग म्हणतात. त्यांनी पाटी बाजूला ठेवली. "बसा आधी. किनांतीचं काय? बरं चाललंय ना तिचं तिकडे?"

मी चिडले होते, तरी हा विषय निघाला की माझा मला आवर राहत नाही. "खूप छान. त्या बाईंनी भरलेल्या फॉर्मची प्रत आली परवा. सगळीकडे पाचपैकी पाच."

बू सुगियेम यांचा चेहरा उतरला. त्यांनी ओला हात कमरेच्या फडक्याला पुसला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"अरेरे. अजून पाहुणीच आहे का पोर?"

माझी आई मला पदवी मिळाली तेव्हा शेजारणीला काय म्हणाली होती ते मला आठवलं, आणि फॉर्मवरची शेवटची ओळ पुन्हा वाचली. आमच्याकडूनच वाढवण्यात काहीतरी कमी पडलं असेल. परक्याच्या मुलीबद्दल असं कोण लिहितं? मी मात्र ती ओळ बिनचूक इंग्रजीत बसवली होती.

मी बूंना सगळं सांगितलं. शुक्रवार म्हटल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावरचा हात काढला.

"पुढच्या शुक्रवारी?"

"याच. उद्या सकाळी तुम्ही त्या बाईंना सांगा की ती चांगली आहे."

"कोणाला सांगू?"

"प्राध्यापिका बाईंना. ती कष्टाळू आहे, हुशार आहे, असं."

"माझ्या तोंडाने? परक्यांसमोर?" त्यांनी रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "लोक काय म्हणतील? आणि असं बोललेलं पोरीला बाधतं, जेंग. तुम्ही सांगा ना. तुम्ही तिच्या कुणी नाही."

"त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

त्यांनी सोयाबीनची पाटी परत पुढे ओढली. शेवटी म्हणाल्या, "पाहुण्याबद्दल बोलता येतं मला."

मंगळवारी साडेसातला मी पोचले तेव्हा टेबलावर इस्त्री केलेलं कापड होतं आणि त्यावर झाकणाचे चार कप. पाक वागिमिन यांना बाटिकचा सदरा घालून भिंतीशी बसवलं होतं. बूंनी लग्नाकार्याची कबाया, म्हणजे जाळीदार पोलकं, घातली होती. घड्याळाखालच्या खुर्चीवर इंग्रिड बसली होती, गुडघे जुळवून, रंग उडालेला.

"वुलान ताई," ती माझ्या कानाशी म्हणाली, "माझं काय चुकलं? सकाळपासून मला 'तुम्ही' म्हणतायत. पुड्या बांधू दिल्या नाहीत. कोंबडीचा पहिला तुकडा मला वाढला, न्याहारीला."

"चुकलं काही नाही. बस."

आठ वाजता प्राध्यापिका बाई पडद्यावर आल्या. नमस्कार झाले. बू सुगियेम ताठ बसल्या आणि गावच्या सभेत बोलतात तसल्या भाषेत सुरू झाल्या.

"या आमच्याकडे आलेल्या पाहुण्या. फार थोर मनाच्या. कामाला पाच. स्वभावाला पाच. म्हातारी माणसं यांची वाट बघतात. माझा रक्तदाब यांनी तीस अंकांनी उतरवला. साखर लपवतात ती माझ्या भल्यासाठी, त्यालाही पाच."

मी भाषांतर करत गेले. एकेका पाचाबरोबर इंग्रिडची मान खाली जात होती. "पाहुण्या" हा शब्द चौथ्यांदा आला तेव्हा तिने डोळे पुसले. प्राध्यापिका बाईंनी ते बघितलं.

"इंग्रिड, तू ठीक आहेस ना? खरं सांग. घर कसं आहे?"

इंग्रिडने इंग्रजीत उत्तर दिलं, पण उत्तर आमच्या गावचं होतं. "घर अगदी साधं आहे. छप्पर गळतं थोडं. जेवण बेताचं. आम्ही गरीब माणसं, बाई. असंच असतं आमच्याकडे."

छप्पर गेल्याच वर्षी नवं घातलेलं. मी डोक्याला हात लावला. बूंना इंग्रजी येत नाही; त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"काय म्हणाली?"

"छप्पर गळतं म्हणाली. जेवण बेताचं म्हणाली. आम्ही गरीब माणसं म्हणाली."

बू सुगियेम यांनी आवाज न करता कपावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. पाक वागिमिन भिंतीकडे तोंड करून हसत होते.

प्राध्यापिका बाईंनी बूंच्या फॉर्मचा कागद हातात घेतला. "आम्ही?" त्यांनी इंग्रिडला विचारलं.

"हो, आम्ही," इंग्रिड म्हणाली.

बाईंनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग मला म्हणाल्या, शेवटची ओळ परत एकदा सांगा. मी सांगितली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की आज तोंडी दिलेले गुण त्या नोंदवून घेतील, मुलगी डिसेंबरपर्यंत तिथेच राहील. आणि हे एक गुणवाले कागद पुढच्या वेळी टाकून देऊ नका, फक्त सोबत त्यांचा अर्थ सांगणारी एक चिठ्ठी जोडा.

पडदा काळा झाला.

"बंद झालं ना नक्की?" बूंनी विचारलं. "नीट बघा, जेंग."

"झालं. राहतेय ती."

बूंनी कबायाचं वरचं बटण काढलं आणि इंग्रिडकडे वळल्या. "बसलीयेस काय राणीसारखी? कप उचल. झाकणं जपून धू, तुला एक भांडं धड धरता येत नाही."

इंग्रिड इतक्या वेगाने उठली की चौकटीच्या उशीवर डोकं आपटलं. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

मी निघाले तेव्हा बू फाटकापर्यंत आल्या. आत इंग्रिड आहे याची खात्री करून त्यांनी आवाज उतरवला.

"साखर कुठे ठेवलीय तिने, काही बोलली का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले. डबा माझ्या स्कूटरच्या डिकीत होता. काल संध्याकाळी कचेरीत इंग्रिडनेच तो ठेवायला दिला होता.

"जाऊ दे. किनांतीला फोन कराल तेव्हा माझा निरोप द्या. म्हणावं, उद्यापासून त्या बाईंच्या स्वयंपाकघरात घुस." त्या जरा थांबल्या, फिनलंडच्या स्वयंपाकघरात काय असेल याचा अंदाज घेत. "आणि काहीतरी लपव."