न्हाणीघरातलं सिलिकॉन

भाची त्यांना मामा म्हणायची, म्हणून तिच्या प्रवाळ-केंद्रातले सगळेच त्यांना मामा म्हणू लागले. मामांची सगळी हयात फरश्या बसवण्यात गेली होती. "माझ्या फरशीवरून मुंगीसुद्धा जपून चालते," असं ते स्वतःच सांगत. पण उकिडवं बसून बसून गुडघ्यांनी दगा दिला आणि मामा घरी बसले. दिवसभर ते घरातल्या भिंतींना नावं ठेवत. शेवटी मामींनीच भाचीला फोन केला, "यांना कुठेतरी गुंतव बाई, नाहीतर मीच कुठेतरी निघून जाईन."

भाची समुद्रातल्या प्रवाळावर काम करणाऱ्या केंद्रात संशोधक होती; तिने मामांना तिथेच मदतीला नेलं. समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडून मरतं. मेलेल्याच्या जागी लावायला केंद्रातल्या टाक्यांमध्ये नवं प्रवाळ वाढवत. पद्धत नवीन होती. जिवंत प्रवाळाचे करवतीने नखाएवढे तुकडे करायचे आणि ते चिनीमातीच्या चकत्यांवर चिकटवायचे. असे तुकडे झपाट्याने वाढतात, आणि एकाच प्रवाळाचे असले तर एकमेकांना ओळखून जुळतात.

"म्हणजे एका आईची लेकरं," मामा म्हणाले.

"आमच्यापेक्षा बरी. ती भांडत नाहीत," भाची हसली.

करवत हिऱ्याच्या पात्याची होती, मामांच्या ओळखीची. स्टुलावर बसून ते कापू लागले आणि तुकडे वाया जाणं जवळपास थांबलं. केंद्रप्रमुख बाई पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्या टेबलाशी आणत. मामांची मान जरा ताठ झाली.

मग मामांनी कापलेले तुकडे ठेवलेली कोपऱ्यातली मोठी टाकी गळायला लागली. सांध्यातून थेंब थेंब पाणी जमिनीवर यायचं. बाई म्हणाल्या, "सांधा भरायला मत्स्यटाकीचं सिलिकॉन मागवलंय. येईपर्यंत खाली बादली ठेवा." मामांना हसू आलं. आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरातलं पाणी अडवलेला माणूस, आणि तो बादली ठेवणार? सुट्टीच्या दिवशी केंद्रात कोणी नव्हतं. मामांनी घरून न्हाणीघराच्या सिलिकॉनची आपली जुनी नळी आणली, टाकीतलं पाणी गळक्या जागेच्या खाली उतरवलं, सांधा पुसून भरला, सुकू दिला आणि पाणी पुन्हा सोडलं. एक थेंब गळला नाही. बोटाने सांधा चाचपून ते खूश होऊन घरी गेले. मागवलेलं सिलिकॉन येऊन कोणीतरी सांधा भरला असेल, असं बाकीच्यांना वाटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत त्या टाकीतल्या तुकड्यांवर चिकट बुळबुळीत थर आला, मग ते पांढरे पडले. भाचीने पाणी तपासलं, दिवे तपासले, पुन्हा पाणी तपासलं. पाणी बदलूनही फरक पडेना. मामांनी कापलेले जवळजवळ सगळे तुकडे गेले. बैठकीत भाची सगळ्यांसमोर उभी राहिली. "खारं पाणी मी बनवलं होतं. मिश्रणात माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. मामा दाराशी फडकं घेऊन उभे होते.

जेवायच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. "मामा, तू इतकी मेहनत घेतलीस, मी पाण्यात घातली."

"होतं असं कधीकधी," मामा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ती नळी शोधली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: बुरशीनाशक, मत्स्यटाकीसाठी वापरू नये. मनात जो संशय होता तो आता संशय उरला नाही. पण भाचीला 'होतं असं' म्हणताना तो होताच, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. टाकीपेक्षा तेच जास्त जाळत होतं. मामींनी विचारलं, "जेवत का नाही?" मामांनी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भाचीला टाक्यांच्या कामावरून काढून कागदी कामावर बसवलं. ते ऐकून मामा नळी घेऊन बाईंच्या खोलीत गेले. भाची तिथेच होती.

"पोरीचा दोष नाही. सांधा मी भरला. याने."

बाईंनी नळी वाचली आणि कपाळाला हात लावला. "विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

बाई ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी नळी भाचीपुढे सरकवली. भाचीने मागची अक्षरं वाचली. मग म्हणाली, "तुम्हाला काल दुपारीच माहीत होतं?"

लहानपणापासून अरे-तुरे करणारी पोर. मामांनी मान हलवली. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मामा काम सोडायला निघाले. बाई म्हणाल्या, "पळून कुठे जाता? टाकी कोण घासणार?" मग कुरकुरत्या गुडघ्यांवर बसून मामांनी पात्याने तो सांधा खरवडून काढला. भाची पुन्हा टाक्यांवर आली. दुसऱ्या टाकीतल्या वाचलेल्या प्रवाळाचे तुकडे मामांनी नव्याने कापले. आता ते कशालाही हात लावण्याआधी विचारत, इतकं की लोक कंटाळले.

पुढे ते तुकडे पाणबुड्यांनी खडकावर लावले. काही महिन्यांनी त्यांचे फोटो आले. शेजारशेजारचे तुकडे जुळून एकसंध झाले होते. सगळे पडद्याभोवती जमले, कोणीतरी मामांच्या नावाने टाळ्या वाजवल्या. मामा उठून करवत धुवायला बाहेर गेले. ती आधीच स्वच्छ होती.

थोड्या वेळाने भाची मागून आली. "मामा, आत या. फोटो बघा."

"बघितला."

"लांबून बघितलात. या."

ते आत गेले आणि तिच्या मागे उभे राहिले. फोटोवरून त्यांची नजर सारखी कोपऱ्यातल्या टाकीच्या सांध्याखाली, जमिनीवर जात होती.