डाळजच्या मास्तरांचा पेनड्राइव्ह

इंदापुरात एसटी स्टँडसमोर टायपिंगचं दुकान टाकलं की किस्से आपोआप साठतात. पेनड्राइव्ह साफ करता येतो, डोकं कुठं करता येतं! निम्मी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात, "ताई, मराठी फाइल उघडली तर नुसते किडेमकोडे दिसत्यात!" मग मी काळ्या स्क्रीनवर `file -i` ही कमांड मारते. फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कुठल्या पद्धतीनं सेव्ह केलीय, ते दोन सेकंदांत कळतं.

*

दूध सोसायटीचे सर्जेराव सभासदांची यादी घेऊन आले. "व्हायरस घुसलाय. अंगारा बी लावला." खरंच, पेनड्राइव्हच्या तोंडात अंगारा! तो पुसून कमांड मारली. यूटीएफ-एट, म्हणजे आजकालची सरळ मराठी.

"सर्जेराव, यादी ठणठणीत हाय. तुमचा जुना प्रोग्राम तिला इंग्रजी समजून वाचतोय."

"म्हंजे यादीला काय झालं न्हाय? मग अंगारा लागू पडला की!"

*

सुप्याच्या एका तात्यांनी तर फाइलचं नावच बदलून 'मराठी' ठेवलं. "आता तरी कळंल कॉम्प्युटरला!"

मी म्हटलं, "तात्या, म्हशीच्या गळ्यात 'गाय' अशी पाटी अडकवली तर दूध गाईचं निघंल का?"

तात्या विचारात पडले. "फॅट किती लागतंय त्यावर हाय."

*

माझीही एकदा जिरली. मोरगावच्या एका बाई मुलीच्या लग्नातल्या पाहुण्यांची यादी घेऊन आल्या. कमांड म्हणाली, यूएस-आस्की, म्हणजे निव्वळ इंग्रजी अक्षरं. मी ठासून सांगितलं, "यात मराठीचं एक अक्षर न्हाय!" उघडली, तर इंग्रजी अक्षरांत बंडूमामा, शेवंताआत्या, वडगावची मावशी!

बाई म्हणाल्या, "मग ही समदी लंडनची माणसं हायत व्हय?"

*

डाळजचे आबा मास्तर रिटायर झाले, पण लाल पेन खिशातच. दुकानात आले की आधी माझ्या दाराची पाटी तपासणार, चुकेल तिथं लाल करणार, मगच बसणार. त्या दिवशी पाटीकडं बघितलंच नाही. पेनड्राइव्ह पुढं केला.

"आमच्या हिच्या ओव्या हायत. क्लास लावून स्वतः टाइप केल्या होत्या. ही गेली, वही बी सापडंना. आता एवढंच राहिलंय."

"आबा, दोन सेकंद!"

कमांड मारली. उत्तर आलं, अननोन एट बिट. म्हणजे मशीननं हात वर केले!

"ऱ्हाऊ दे, पोरी."

"राहू दे कसं?" मी म्हटलं. मग डोक्यात उजेड पडला. काकूंचा क्लास जुन्या फॉन्टच्या काळातला. आत भलत्याच खुणा, वरून फॉन्टनं चढवलेलं मराठी रूप. दुकानातला जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि एकेक फॉन्ट लावत गेले. सातव्याला अक्षरं सरळ झाली. मी ओरडलेच!

पण पहिली ओळ ओवी नव्हती. काकूंनी लिहिलं होतं, 'मास्तरांना दाखवू नये. लाल करतील.'

आबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग ओठ हलवत सगळ्या ओव्या.

"प्रिंट काढू, आबा?"

"काढ. हाय तशी काढ."

कागद छातीशी धरून ते एसटीला गेले. लाल पेन माझ्या टेबलावर ठेवून.