एकाच संघाचे दाजी

माणूस एखाद्या गोष्टीला चिकटला की किती चिकटू शकतो, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी आमचे दाजी पाहायला हवे होते. थोरल्या अक्काचे हे यजमान पलटणीत बास्केटबॉल शिकले, आणि फौज सोडून साताऱ्याला आले ते जणू तो खेळ ट्रंकेत घालूनच. लोहाराकडून दोन कड्या ठोकून घेतल्या, मुरमाचं मैदान स्वतः चोपलं आणि हुतुतूपलीकडे काही ठाऊक नसलेल्या पोरांचा संघ उभा केला. आमचं घर सांगलीत, आणि सांगलीचा संघ दाजींचा जन्माचा वैरी. सामन्याला आले की मुक्काम सासुरवाडीलाच. पण सामना संपेपर्यंत आमच्याकडचं पाणी तोंडाला लावत नसत. साताऱ्याचं पाणी फिरकीच्या तांब्यात भरून आणायचे. आई रडकुंडीला यायची. "जावईबापू, आमच्या पाण्यानं काय घोडं मारलंय?" दाजी गंभीरपणे म्हणायचे, "आई, तुमचं मन मोडायचं न्हाई मला. पर आज तुमी शत्रूच्या गोटात हायसा." जिंकले तर मात्र जेवताना खाली मान घालून बसायचे. हरलेल्यांच्या घरात हसू नये म्हणे.

साठ सालानंतर सांगलीच्या एका कारखान्याने खेळाडूंना नोकरीवर घ्यायला सुरुवात केली. दाजींना मुकादमाची जागा आणि राहायला दोन खोल्या देऊ केल्या. काम नावाला, खेळायचं कारखान्याकडून. साताऱ्यात ते वखारीत लाकडं मोजत होते. अक्काने आठ दिवस विनवण्या केल्या. "अवो, सांगलीत काय वाघ हायत?"

"वाघ असते तर गेलो असतो," दाजी म्हणाले. "समोर आपलीच पोरं हुबी ऱ्हातील. त्यांच्या हातातला बॉल मी कसा काढून घिऊ?"

अक्काने तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त माहेरी आली की आठवड्याऐवजी पंधरा दिवस राहू लागली.

पुढे दाजींचे गुडघे गेले. अशाच एका वर्षी अक्का आमच्याकडे होती आणि सांगलीत अंतिम सामना होता. मी काही कामाने साताऱ्याला गेलो होतो, परतताना दाजींबरोबरच स्टँडवर आलो. संघ एसटीपाशी उभा होता. ज्याला त्यांनी चेंडू धरायला शिकवलं तो कप्तान पुढे झाला. "भाऊ, यादीत अवंदा तुमचं नाव न्हाई. कमिटीनं ठरवलंय." बाकीचे दुसरीकडे बघू लागले. "बरं," दाजी म्हणाले, आणि सगळ्यांच्या पिशव्या टपावर चढवून, दोरीने घट्ट बांधून दिल्या.

आम्ही मागच्या गाडीने आलो आणि गर्दीत शेवटी उभे राहिलो. सातारा एका गुणाने जिंकला. पोरांनी कप्तानाला खांद्यावर घेतलं. दाजी तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, "चला दाजी, भेटू त्यांना."

"नगं गड्या. मला बघितलं की त्यांच्या माना खाली जातील. आज वर ऱ्हाऊ देत."

मागच्या फाटकापाशी एक पायरी होती. मी हात पुढे केला. एरवी त्यांनी तो झिडकारला असता. त्या दिवशी धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.