आडव्या वाऱ्यातलं उतरणं
जूनच्या तापलेल्या धुळीत विमानाच्या पेट्रोलचा वास मिसळला, की ग्वाल्हेरची ती दुपार आठवते आणि माझं डोकं अजूनही तापतं. मी तेव्हा विमान चालवायला शिकत होते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तिकडचा तापलेला वारा, धावपट्टीवर आडवी वाहत होती, आमचं छोटं विमान सारखं बाजूला ढकललं जात होतं, आणि शेजारी बसलेले प्रशिक्षक म्हणत होते, "उतारो, उतारो, डरना मत." चाकं टेकणार एवढ्यात जोराचा झोत आला आणि खालची धावपट्टी बाजूला सरकली, समोर नुसती खडकाळ जमीन आणि बाभळी. मी इंजिनाला पूर्ण जोर देऊन विमान पुन्हा वर उचललं, फेरी मारली आणि दुसऱ्या खेपेला नीट उतरवलं. खाली येताच त्यांनी सगळ्यांसमोर मला झापलं, "मैंने बोला था ऊपर जाने को? लड़कियाँ बस घबरा जाती हैं!" आणि माझं उड्डाण महिनाभर बंद केलं. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी आई म्हणाली, "सर आहेत ते, माफी मागून घे ना." मी म्हटलं, "विमान वाचवलं म्हणून माफी?" नाहीच मागितली. महिनाभर जमिनीवर उभी राहून इतरांची उड्डाणं बघितली. आता मी स्वतः शिकवते. परवा अशाच वाऱ्यात माझ्या विद्यार्थिनीने न विचारता विमान वर उचललं आणि भीतभीत माझ्याकडे पाहिलं. "छान केलंस," मी म्हटलं. एवढं म्हणायला तेव्हा सरांचं काय जात होतं?